हवापालट, क्षयरोग आणि सरकारी जंगल



"डॉक्टर, आठ-पंधरा दिवस हवापालटाला जाऊन येऊ का?" हा प्रश्न आजारातून उठलेले रुग्ण मला विचारतात, आणि त्याहून जास्त वेळा त्यांच्या आया विचारतात. मी बहुतेक वेळा "जा" म्हणतो. हवा बदलल्याने रोगाचे जंतू मरत नाहीत, पण माणूस चार पावलं जास्त चालतो, भूक लागते, झोप लागते. मोबाईलला रेंज नसेल तर फारच उत्तम.

'हवापालट' या शब्दाचं क्षयरोगाशी, म्हणजे टीबीशी, जुनं नातं आहे. पाचगणी, मिरजेजवळची वानलेसवाडी ही नावं तुमच्या आजी-आजोबांना विचारून बघा. सहलीच्या आधी त्यांना सॅनेटोरियमच आठवेल. टीबीवर औषध नव्हतं तेव्हा मोकळी हवा, विश्रांती आणि सकस जेवण एवढंच डॉक्टरांच्या हातात होतं.

आज मी तुम्हाला अशा एका जागेचा इतिहास सांगणार आहे, जिथे ही हवा आणि पाणी टिकावं म्हणून एका राज्याने जंगलाचं नाव थेट आपल्या संविधानात घातलं. जागा आहे अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला, ॲडिरॉन्डॅक नावाच्या डोंगररांगांत. न्यूयॉर्क म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उंच इमारती येतात, पण ते शहर. त्याच नावाचं राज्य बरंच मोठं आहे आणि या राज्यातलं ॲडिरॉन्डॅक पार्क सुमारे ६० लाख एकरांचं आहे. आख्खा गोवा त्यात सहा वेळा मावेल.

एक खुलासा आधी करतो. अमेरिकेत 'नॅशनल पार्क' केंद्र सरकारचं असतं. 'स्टेट पार्क' आणि राज्याची जंगलं ही त्या त्या राज्याची; त्यांचा खर्च राज्याच्या तिजोरीतून होतो. तिजोरीत खडखडाट झाला की कात्री कुठे लागते, हे पुढे येईलच.

मरायला आलेला डॉक्टर

एडवर्ड लिव्हिंग्स्टन ट्रूडो हा न्यूयॉर्क शहरात १८४८ साली जन्मलेला मुलगा. तो सतरा-अठरा वर्षांचा असताना त्याच्या मोठ्या भावाला टीबी झाला. एडवर्डने त्याची रात्रंदिवस सेवा केली, त्याच्याच खोलीत झोपला. त्या वेळच्या डॉक्टरांचा सल्ला काय होता माहीत आहे? खिडक्या बंद ठेवा, बाहेरच्या हवेने खोकला वाढेल. आज आम्ही टीबीच्या रुग्णाच्या घरच्यांना नेमकं उलटं सांगतो. भाऊ काही महिन्यांत गेला. हवेतून, एका फुप्फुसातून दुसऱ्या फुप्फुसात हा रोग जातो हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.

एडवर्ड पुढे डॉक्टर झाला. पंचविशीत, १८७३ साली, त्याच्याच फुप्फुसात टीबी निघाला. त्या काळी याचा अर्थ एकच होता. त्याने ठरवलं की शेवटचे दिवस आवडत्या जागी घालवावेत, आणि तो ॲडिरॉन्डॅकच्या जंगलातल्या पॉल स्मिथ नावाच्या माणसाच्या हॉटेलात जाऊन राहिला. पोचला तेव्हा इतका खंगलेला होता की एका वाटाड्याने त्याला उचलून जिन्यावरून खोलीत नेलं. तिथे तो नावेत आडवा पडून राहायचा, खायचा, अधूनमधून शिकार करायचा. काही आठवड्यांत ताप गेला, वजन वाढलं. शहरात परतला, ताप परत आला. पुन्हा जंगलात गेला, पुन्हा बरं वाटलं. शेवटी १८७६ मध्ये तो बायकामुलांसह तिथल्या सारानाक लेक या खेड्यात कायमचा राहायला गेला.

१८८२ हे वर्ष टीबीच्या इतिहासात सगळ्यात मोठं. २४ मार्चला रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये टीबीचा जंतू जाहीर केला. (२४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन का असतो, ते आता कळलं असेल.) ट्रूडोला जर्मन येत नव्हतं, एका मित्राने त्याला कॉखच्या लेखाचं भाषांतर करून दिलं. त्याच सुमारास जर्मनीत डोंगरावर रुग्णालयं काढून टीबीवर उपचार करतात हेही त्याच्या वाचनात आलं. त्याने लोकांकडून देणग्या मागून १८८४ मध्ये सॅनेटोरियम सुरू केलं. पहिली झोपडीवजा खोली लाल रंगाची होती, तिला 'लिटल रेड' म्हणत. तिथले पहिले रुग्ण म्हणजे न्यूयॉर्क शहरात कारखान्यात काम करणाऱ्या दोघी बहिणी. श्रीमंतांना हवापालट परवडत होताच. ट्रूडोला कमी पैशात गरिबांची सोय करायची होती. प्रसिद्ध लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनही १८८७-८८ चा हिवाळा त्याच्या देखरेखीखाली सारानाक लेकला राहिला.

पंधरा ससे

ट्रूडो नुसता हवेची स्तुती करत बसला नाही. त्याने एक प्रयोग केला, जो मला वैद्यकीय इतिहासातल्या सगळ्यात गोड प्रयोगांपैकी एक वाटतो, सशांची क्षमा मागून.

त्याने पंधरा ससे घेतले आणि पाच-पाचचे तीन गट केले. पहिल्या गटाला टीबीचे जंतू टोचले आणि अंधाऱ्या, दमट, कोंदट जागेत ठेवलं. दुसऱ्या गटाला जंतू टोचले नाहीत, पण तशाच वाईट जागेत, कमी खाणं देऊन ठेवलं. तिसऱ्या गटाला जंतू टोचले आणि तळ्यातल्या एका लहानशा बेटावर मोकळं सोडलं; ऊन, वारा, भरपूर खाणं.

पहिल्या गटातले चार ससे तीन महिन्यांच्या आत टीबीने मेले, पाचव्यातही रोग पसरलेला निघाला. दुसरा गट हडकला, पण टीबी एकालाही झाला नाही. बेटावरच्या पाचपैकी एक मेला. उरलेले चार सहा महिन्यांनंतरही धडधाकट होते. १८८७ मध्ये त्याने हे निष्कर्ष मांडले.

यातून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. नुसत्या घाणेरड्या जागेमुळे टीबी होत नाही, जंतू लागतोच. पण जंतू शिरल्यावर पुढे काय होणार, हे राहणीमान ठरवतं. एका गटात पाचच ससे, त्यामुळे आजच्या निकषांवर हा पुरावा अगदीच तोकडा. शिवाय बेटावरच्या सशांना हवाही होती आणि पोटभर खाणंही. मग श्रेय कोणाचं? हा प्रश्न मनात ठेवा.

दोन आठवड्यांत दोन कायदे

ट्रूडो सशांवर प्रयोग करत होता त्याच काळात त्याच्या भोवतालचं जंगल झपाट्याने उजाड होत होतं. कातडी कमावण्यासाठी हेमलॉक झाडांची साल लागे; साल सोलून झाड तिथेच कुजायला टाकत. इमारती लाकूड नद्यांतून वाहून नेत. लाकूड कंपन्या जमीन विकत घ्यायच्या, ती बोडकी करायच्या आणि मग कर भरणं बंद करायच्या. कर थकला की जमीन सरकारजमा. राज्याच्या वाट्याला आलेलं बरंचसं 'जंगल' हे असं उष्टं होतं.

व्हर्प्लँक कॉल्व्हिन हा सर्वेक्षक या डोंगरांत वर्षानुवर्षं फिरत होता. १८७२ मध्ये त्याने हडसन नदीच्या सगळ्यात उंचावरच्या उगमाची नोंद केली. त्या इवल्याशा तळ्याचं नाव 'लेक टीअर ऑफ द क्लाउड्स', ढगांचा अश्रू. कॉल्व्हिनचं म्हणणं साधं होतं: डोंगरावरचं झाड गेलं की झरे आटतील, नद्या पावसाळ्यात फुगतील आणि उन्हाळ्यात कोरड्या पडतील. न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांना निसर्गाचं फारसं प्रेम नव्हतं, पण हडसन आणि ईरी कालव्यातून त्यांचा माल जायचा. पाणी कमी झालं तर धंदा बसेल, या भीतीने ते जंगलाच्या बाजूने उभे राहिले. मला यात काही वावगं वाटत नाही. पेशंट सिगरेट सोडतो ती माझ्या भाषणाने की बायकोच्या धाकाने, याची चौकशी मी करत नाही.

१८८५ चा वसंत. गव्हर्नर डेव्हिड हिल यांनी ३० एप्रिलला एका कायद्यावर सही केली आणि १५ मेला दुसऱ्या. पहिला कायदा नायगरा धबधब्याचा. तोवर धबधब्याकाठची जमीन खासगी मालकांकडे होती. त्यांनी कुंपणं घातली होती आणि निसर्गाने फुकट ठेवलेलं ते पाणी बघायला पैसे मोजावे लागत. राज्याने कर्ज काढून, १४ लाख डॉलरहून जास्त रक्कम देऊन, सुमारे ४०० एकर जागा विकत घेतली आणि १५ जुलैला सगळ्यांसाठी फुकट खुली केली. दुसऱ्या कायद्याने ॲडिरॉन्डॅक आणि कॅट्सकिल या दोन डोंगराळ भागांतली राज्याची जमीन 'संरक्षित जंगल' ठरली.

पण जंगल जिथे आहे तिथल्या गावांचं काय? सरकारी जमिनीवर कर लागत नाही. मग गावची शाळा आणि रस्ते कोणाच्या पैशाने चालणार? म्हणून १८८६ पासून राज्य सरकार या जंगलाचा मालमत्ता कर स्थानिक गावांना भरतं, एखाद्या खासगी मालकाने भरावा तसा. जंगल सगळ्या राज्याला हवं असेल तर त्याचा भार एकट्या डोंगरातल्या खेड्याने सोसू नये. मला हा सगळ्या कहाणीतला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. अर्थात सगळंच न्यायाचं झालं नाही. जे लोक पिढ्यानपिढ्या त्याच रानातून सरपण आणत, शिकार करत, ते एका रात्रीत चोर ठरले. आपल्याकडे १८७८ च्या वन कायद्याने आदिवासींचं आणि गावकऱ्यांचं काय झालं, हे आठवलं की त्यांची चीड समजते.

१८९२ मध्ये 'ॲडिरॉन्डॅक पार्क' कायद्याने स्थापन झालं. हा कायदा एका डॉक्टरला विशेष आवडावा असा आहे. पार्क कशासाठी, याची जी कारणं त्यात दिली आहेत, त्यांत नद्यांचे उगम राखणं आणि भविष्यातलं लाकूड ही तर आहेतच. पण सगळ्यात आधी आहे ते लोकांचं आरोग्य आणि आनंद, आणि तेही सर्वांना फुकट. सारानाक लेकच्या व्हरांड्यांत पांघरुणं घेऊन उघड्यावर झोपणारे रुग्ण तोपर्यंत राज्यभर माहीत झाले होते.

तरीही चोरटी तोड थांबेना, आणि झाडं विकायची मुभा कायद्यातच होती. तेव्हा १८९४ मध्ये राज्याचं संविधान नव्याने लिहिलं जात असताना त्यात एक कलम घालण्यात आलं: ही जमीन कायम रानच राहील, ती विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, तिच्यावरचं झाड विकायचं, न्यायचं किंवा नष्ट करायचं नाही. संविधान सभेत १२२ मतं बाजूने, विरोधात एकही नाही. मग मतदारांनी ते संविधान मंजूर केलं आणि १ जानेवारी १८९५ पासून कलम लागू झालं. ते आजही आहे. त्यात बदल करायचा तर विधिमंडळाच्या लागोपाठ दोन कार्यकाळांत मंजुरी लागते आणि वर जनतेचा कौल. १९५९ मध्ये महामार्गासाठी थोडी जमीन हवी होती, तेव्हाही मतदारांना विचारावं लागलं.

हे कलम किती कडक आहे त्याची एक गंमत. १९३२ चं हिवाळी ऑलिंपिक तिथल्याच लेक प्लॅसिडला होणार होतं. बॉबस्ले या बर्फावरच्या घसरगाडीच्या मार्गासाठी संरक्षित जंगलातली सुमारे २,५०० झाडं तोडायची होती. विधिमंडळाने परवानगी दिली. एक संस्था कोर्टात गेली आणि १९३० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, चालणार नाही. मार्ग दुसरीकडे बांधला गेला. ऑलिंपिक झालंच.

तुरुंग नको, पार्क हवं

कायदा झाला की झाड तोडणारा थांबतो, पण आग थांबत नाही. १९०३ आणि १९०८ मध्ये ॲडिरॉन्डॅकचं लाखो एकर रान जळलं. मग पगारी वनरक्षक आले, डोंगरमाथ्यांवर टेहळणीचे मनोरे उभे राहिले. म्हणजेच पैसा आला. १९१६ मध्ये मतदारांनी पार्क आणि जंगलांसाठी एक कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना होकार दिला, १९२४ मध्ये आणखी दीड कोटीच्या. हे लक्षात घ्या की लोकांनी स्वतः मत देऊन आपल्यावर कर्ज चढवून घेतलं.

न्यूयॉर्क शहराच्या जवळ बेअर माउंटन आहे. १९०८-०९ च्या सुमारास राज्य सरकार तिथे मोठा तुरुंग बांधायला निघालं होतं. मेरी हॅरिमन या धनाढ्य विधवेने सरकारला १०,००० एकर जमीन आणि १० लाख डॉलर देऊ केले. एक अट अशी, तुरुंग रद्द करा. १९१० मध्ये सौदा झाला. मग शहराच्या कोंदट चाळींतली गरीब मुलं उन्हाळ्यात तिथल्या शिबिरांना जाऊ लागली.

आता इथे डॉक्टर म्हणून मला एक कडू घोट पाजायचा आहे. जुलै १९२१ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट बेअर माउंटनच्या बॉय स्काउट शिबिराला भेट द्यायला गेले. दोन आठवड्यांत, कॅनडातल्या एका बेटावर सुट्टीत असताना, त्यांचे पाय लुळे पडले. पोलिओ. संसर्ग त्या शिबिरातच झाला असावा, असा बहुतेक इतिहासकारांचा कयास आहे. पोलिओचा विषाणू विष्ठेतून पसरतो. शेकडो मुलं, तळ्यात पोहणं, सामाईक जेवण, अशा ठिकाणी संडास आणि पिण्याचं पाणी नीट नसेल तर हिरवळ काय कामाची? पार्कला पैसे लागतात ते फुलझाडांसाठी, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं. निम्मा खर्च पाणी, संडास, सांडपाणी, रस्ते आणि माणसांचे पगार यांवर होतो म्हटलं तरी मी चकित होणार नाही.

तेच रूझवेल्ट १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. भयंकर मंदी होती. त्यांनी बेकार तरुणांना झाडं लावायला, पायवाटा बांधायला, पार्कांत निवारे उभारायला सरकारी पगारावर लावलं. १९४२ पर्यंत २५ लाखांहून जास्त तरुण या कामातून गेले. अमेरिकेतल्या कित्येक स्टेट पार्कांतल्या दगडी भिंती आजही त्यांच्याच हातच्या आहेत.

मग औषध आलं

१९४३ मध्ये न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात अल्बर्ट शाट्झ आणि सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. टीबीचा जंतू मारणारं हे पहिलं औषध. ते आलं मातीतल्या एका जंतूपासून. लोक साठ वर्षं हवेत उपाय शोधत होते आणि तो पायाखाली होता.

पुढचा धक्का आपल्याच देशातून बसला. मद्रासमध्ये १९५६ साली क्षयरोग उपचार संशोधन केंद्र सुरू झालं. तिथे १९३ गरीब रुग्णांचे दोन गट केले. एकाला सॅनेटोरियममध्ये ठेवलं: पलंग, विश्रांती, उत्तम जेवण. दुसऱ्याला त्याच्या दाटीवाटीच्या घरीच ठेवलं. औषधं दोघांना तीच, एक वर्ष. १९५९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले. घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांना जास्त धोकाही झाला नाही. जगभरची सॅनेटोरियमं बंद पडण्यात या मद्रासच्या अभ्यासाचा मोठा हात आहे. ट्रूडोचं सॅनेटोरियम मात्र त्याआधीच, १९५४ मध्ये, बंद झालं होतं. ट्रूडो स्वतः १९१५ पर्यंत जगला. मरायला आला होता तो बेचाळीस वर्षांपूर्वी. त्याची मुलगी मात्र टीबीनेच गेली, त्याच हवेत.

तेव्हा तुमच्या घरात कोणाला टीबी असेल तर कृपया ऐका. जंगलाच्या हवेने टीबी बरा होत नाही. सहा महिन्यांच्या गोळ्या, किंवा तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स, न चुकता पूर्ण करावा लागतो. आणि सशांचा प्रश्न आठवा. हवा की खाणं? २०२३ मध्ये झारखंडमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. टीबीच्या रुग्णांच्या घरच्यांना पुरेसा शिधा दिला तर त्यांच्यात नवा टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झालं. बेटावरच्या सशांना वाचवण्यात गवताचा वाटा बराच असणार.

कारण गेलं, जंगल राहिलं

मग प्रश्न असा की ज्या कारणासाठी अर्धं राज्य या जंगलाच्या मागे उभं राहिलं, ते कारणच कच्चं निघालं. जंगल विकून टाकायला हवं होतं का?

संविधानातल्या कलमामुळे तो मोह कोणाला झाला तरी उपयोग नव्हता. आणि बरं झालं. कारण दुसरी कारणं अधिक पक्की निघाली. न्यूयॉर्क शहराचं पाणीच घ्या. ८० लाखांहून जास्त लोकांच्या या शहराला सुमारे ९० टक्के पाणी कॅट्सकिल आणि डेलावेअर खोऱ्यांतून येतं. १८८५ च्या कायद्यातलं दुसरं संरक्षित जंगल तिथेच. हे पाणी गाळावं लागत नाही. त्यावर क्लोरीन आणि अतिनील किरणांची प्रक्रिया होते, पण गाळणीचा अवाढव्य प्रकल्प नाही. नव्वदच्या दशकात असा प्रकल्प बांधायची वेळ आली होती. खर्चाचा अंदाज कित्येक अब्ज डॉलरचा. शहराने १९९७ मध्ये करार करून त्यापेक्षा खूप कमी पैसे पाणलोटातल्या जमिनी, शेतं आणि गावांच्या सांडपाण्यावर खर्च करायचं ठरवलं. हडसनचा मार्ग बदलून कॉल्व्हिन मुंबईत आला असता तर विहार आणि तुळशी तलावांभोवतालचं रान बघून त्याला आपलं म्हणणं पटवून द्यायला फार बोलावं लागलं नसतं.

माणसाच्या शरीराबद्दल? १९८४ मध्ये रॉजर उल्रिक यांनी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना जोरकस वेदनाशामकं कमी लागली. २००८ मध्ये इंग्लंडमधल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की जिथे हिरवळ जास्त, तिथे गरीब आणि श्रीमंत यांच्या मृत्यूदरातली दरी कमी. २०१९ मध्ये तिथल्याच सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीत आठवड्याला किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणारे लोक स्वतःची तब्येत अधिक चांगली असल्याचं सांगत होते. हे ससे-प्रयोगासारखे पक्के प्रयोग नाहीत. तब्येत चांगली असणारे लोकच जास्त फिरत असतील, हेही शक्य आहे. म्हणून मी "झाडाखाली बसा, बीपीची गोळी बंद करा" असं कधीच म्हणणार नाही. पण मी मधुमेहाच्या रुग्णाला रोज अर्धा तास चाला असं लिहून देतो, तेव्हा चालायला सुरक्षित, सावलीची, फुकट जागा हवी, ही त्या औषधाचीच अट आहे. ती जागा मेडिकल स्टोअरमध्ये मिळत नाही, आणि जिमची फी प्रत्येकाला झेपत नाही.

दहा हजारात पंच्याऐंशी पैसे

कलमाने झाड वाचतं, पण फाटक उघडायला पगारी माणूस लागतो. २०१० मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या अंदाजपत्रकात अब्जावधी डॉलरचा खड्डा पडला. गव्हर्नर डेव्हिड पॅटरसन यांच्या सरकारने यादी जाहीर केली: ४१ पार्क आणि १४ ऐतिहासिक स्थळं बंद. लोक रस्त्यावर उतरले, आमदारांना पत्रं गेली. मे महिन्याच्या अखेरीला, उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर, १ कोटी १० लाख डॉलर परत देण्यात आले आणि पार्क उघडी राहिली. त्या वर्षीचं राज्याचं अंदाजपत्रक १३० अब्ज डॉलरहून मोठं होतं. आपल्या हिशेबात सांगायचं तर दहा हजार रुपयांच्या घरखर्चात पंच्याऐंशी पैसे वाचवायला निघाले होते.

हे असं का होतं, ते मी रोज दवाखान्यात बघतो. अँजिओप्लास्टीसाठी लोक दागिने गहाण ठेवतात, पण दहा वर्षं आधी कोलेस्टेरॉल तपासायला दोनशे-चारशे रुपये जड जातात. न झालेला हार्ट अटॅक कोणाला दिसत नाही. सरकारंही माणसांचीच असतात. हॉस्पिटलचा वॉर्ड बंद केला तर उद्याच्या पेपरात फोटो येतो. पार्कातला वनरक्षक कमी केला, पायवाटेची दुरुस्ती पुढे ढकलली, संडासाला कुलूप लावलं, तर काही वर्षं कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून अशा जागांचा पैसा दर वर्षीच्या मर्जीवर ठेवू नये, तो कायद्याने बांधून द्यावा, असं माझं ठाम मत आहे. न्यूयॉर्कने १९९३ मध्ये पर्यावरणासाठी वेगळा निधी काढून त्या दिशेने पाऊल टाकलं, तरी २०१० ची यादी निघालीच. नागरिकांनी दरवर्षी अंदाजपत्रकातली ती एक ओळ शोधून वाचणं, याला पर्याय नाही.

तुमच्यापैकी पुष्कळांची मुलं न्यू जर्सीत आहेत आणि उन्हाळ्यात तुम्ही दोन-तीन महिने तिकडे असता. मुलं ऑफिसला गेली की घरात बसून कंटाळा येतो, गुडघे आखडतात, साखर वाढते. परत आल्यावर रिपोर्ट माझ्याच टेबलावर येतात. शनिवारी त्यांना बेअर माउंटनला न्यायला सांगा; पार्किंगचे थोडे डॉलर पडतील. ॲडिरॉन्डॅकच्या रानाला तर फाटकही नाही आणि तिकीटही नाही. पायवाटेवर झाडांना रंगीत खुणेच्या चकत्या ठोकलेल्या असतात, त्या सोडून आत शिरू नका.

आणि एक काळजी घ्या. त्या भागात हरणांवरच्या बारीक गोचिडीतून लाइम नावाचा आजार होतो. लांब बाह्यांचे कपडे घाला, पँट मोज्यात खोचा, घरी आल्यावर आंघोळीच्या वेळी काखा, जांघा, गुडघ्यांच्या मागची बाजू आणि डोक्याची त्वचा तपासा. गोचीड चिकटलेली दिसली तर टोकदार चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढा. तेल, रॉकेल, काडी यातलं काही लावू नका. तारीख लिहून ठेवा. पुढच्या महिनाभरात ताप आला किंवा पसरत जाणारा लाल चट्टा दिसला, तर तोवर तुम्ही पुण्या-नाशिकला परतला असलात तरी डॉक्टरांना सांगा की न्यूयॉर्कच्या जंगलात जाऊन आलो. हा आजार आपल्याकडे फारसा दिसत नाही, तुम्ही सांगितलं नाही तर त्यांच्या डोक्यात लगेच येणार नाही.